बार्शी लाईट, नऊ मिलिमीटरच्या रुळावर

नॅरोगेजचा डबा अगदी समोरून पाहावा. रूळ अरुंद, चाकं आत कुठेतरी दडलेली आणि वर दोन्ही बाजूंना बाहेर झेपावलेलं धूड. बार्शी लाईट या सोलापूरकडच्या जुन्या छोट्या रेल्वेचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट (७६२ मिमी), आणि डब्यांची चौकट ७ फूट रुंद. गेजच्या पावणेतीन पटीहून थोडी जास्तच. आपल्या ब्रॉडगेजवर १६७६ मिमीच्या गेजवर सव्वातीन मीटरच्या आतबाहेर रुंदीचा डबा धावतो, म्हणजे जेमतेम दुप्पट. नॅरोगेजचं देखणेपण या गुणोत्तरात आहे. मॉडेल करायला बसलं की त्रासही तिथूनच सुरू होतो. डबा कलतो, वळणावर आत पडतो, सांध्यावर चाक चढतं आणि माणूस डब्याच्या रंगकामात दोष शोधत बसतो.

म्हणून या छंदात पहिल्या दिवसापासून मूळ गाडीच्या अभियंत्याच्या डोक्यात शिरावं, असं मला ठामपणे वाटतं. बार्शी लाईटच्या बाबतीत तो माणूस फार मोठा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला म्हणून हिंदुस्थानात आले आणि स्वस्त, हलक्या रेल्वेचा ध्यास घेऊन बसले. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाईन सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. (याच कॅलथ्रॉपांनी उतारवयात विमानातून उडी मारण्यासाठी 'गार्डियन एंजल' हे पॅराशूट तयार केलं. वजन आणि सुरक्षितता हे दोन विषय त्यांना आयुष्यभर पुरले.)

त्यांचा मुख्य विचार साधा होता. रुळाचं वजन दर यार्ड लांबीला फक्त ३० पौंड, तेव्हा एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. ही मर्यादा इंजिनालाही आणि भरलेल्या वाघिणीलाही सारखीच. इतर हलक्या लाईनींवर इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असत. रूळ इंजिनासाठी जाड घ्यायचा आणि मग मालाच्या बाबतीत त्याची ताकद वाया घालवायची. कॅलथ्रॉपांनी इंजिनाचं वजनच जास्त आसांवर पसरलं: किटसन कंपनीची टाकीवाली इंजिनं आठ जोडचाकांची (दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, इंजिन ओढणारी चाकं), मागे आणखी चार चाकं, एकूण सहा आस. डबे आणि वाघिणी एकाच मापाच्या, २५ फूट बाय ७ फुटांच्या, पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या चौकटीवर. या चौकटी सॅमसन फॉक्स यांच्या लीड्स फोर्ज या कारखान्याच्या. एकच चौकट, वर पाहिजे ते अंग. मॉडेल करणाऱ्यासाठी ही पर्वणीच, कारण एक चौकट नीट जमली की पुढच्या दहा वाघिणींचं अर्धं काम संपलं.

आता प्रमाण. मॉडेल मूळ गाडीच्या ८७ पट लहान, म्हणजे १:८७, करायचं तर ७६२ ला ८७ ने भागून ८.७६ मिमी येतं. एन गेज या तयार मिळणाऱ्या १:१६० च्या मॉडेल मापाचा रूळ ९ मिमीचा. पाव मिलिमीटरचाही फरक नाही, आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून बार्शी, शकुंतला, पुलगाव-आर्वी अशा अडीच फुटी लाईनींसाठी १:८७ आणि ९ मिमी ही जोडी उत्तम. तीच ९ मिमी १:७६ ला घेतली तर गेज दहा टक्के अरुंद होतं, आणि आधीच रुंद दिसणारा डबा आणखी बेढब होतो. मोठं काम आवडत असेल तर १:४८ घ्यावं. तिथे १५.९ मिमी हवेत आणि एचओ या दुसऱ्या तयार मॉडेल मापाचा रूळ १६.५ चा मिळतो. माथेरानचा हिशेब वेगळा, कारण ते गेज ६१० मिमी. त्याला ९ मिमीवर १:८७ मध्ये बसवू नये. १:४३.५ ला १४ मिमी किंवा १:१९ ला ३२ मिमी घेतले तर माप जवळजवळ तंतोतंत येतं. फ्लॅटमधल्या टेबलावर मात्र १:८७ लाच जागा होते, म्हणून पुढचं सगळं त्याच मापात.

गेज जुळलं म्हणून एन गेजचा तयार रूळ आणून टाकू नये. त्याचे स्लीपर १:१६० चे असतात, फार जवळजवळ आणि फार बारीक. ९ मिमी नॅरोगेजसाठी वेगळा रूळ मिळतो, तो घ्यावा किंवा हाताने घालावा. ३० पौंडी रुळाची उंची साधारण ७९ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ०.९ मिमी. कोड ४० चा रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) याच्या सर्वांत जवळ जातो. पण एन गेजच्या चाकाची कड ०.९ मिमीपर्यंत खोल असू शकते, आणि कोड ४० वर ती खिळ्यांना टेकून खडखडते. चाकं बदलायची नसतील तर कोड ५५ वर थांबावं. खडी घालून रंग दिल्यावर रुळाची ही जास्तीची उंची बरीच लपते.

कामाचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. आधी डब्याचं अंग कापतात, खिडक्या कोरतात आणि शेवटी 'आता याला चाकं कुठली?' असं विचारतात. चाकं आधी आणावीत. बाजारात मिळणाऱ्या चाकाचा व्यास, आसाची लांबी आणि बोगीची (डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याची) उंची या तीन मापांवरून जमिनीपासून फरशी किती वर येणार ते ठरतं, आणि ती उंची अर्ध्या मिलिमीटरने जरी वाढली तरी डबा ठेंगणा, रुंद दिसण्याऐवजी काठीवर उभा केल्यासारखा वाटतो. एन गेजच्या मालडब्याची चाकं साडेपाच मिमीच्या आसपास असतात, म्हणजे १:८७ ला जेमतेम दीड फुटाची. प्रवासी डब्यांची थोडी मोठी चाकं त्यापेक्षा बरी दिसतात. आसाची दोन्ही टोकं सुईसारखी निमुळती असलेलीच घ्यावीत.

दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअरने मोजावं. ७.४ ते ७.६ मिमी चालतं, पण सगळ्या गाडीत एकच आकडा हवा. एका डब्यात ७.४ आणि दुसऱ्यात ७.६ असेल तर सांध्यावर कुठला डबा का उतरला याचा शोध कधीच लागत नाही. चाक आसावर सरकवताना पिळत पिळत सरकवावं. ठोकलं की ते तिरकं बसतं आणि डबा डुलत चालतो.

बोगीसाठी दोन मार्ग आहेत. एन गेजची तयार बोगी घेऊन तिच्या बाजू तासून त्यावर नव्या बाजू चिकटवायच्या, किंवा सगळीच हाताने करायची. पहिला मार्ग कमी प्रतीचा नाही. चालण्याची अचूकता कारखान्यातून आयती येते, आणि आपल्याला फक्त चेहरा बदलायचा असतो. फॉक्सच्या बोगीची बाजू म्हणजे दाबून काढलेला एक अखंड पत्रा, कडा वळवलेल्या. इथे एक चूक सर्रास होते: जुनं ते सगळं रिव्हेटचं, असं समजून बोगीभर ठिपके मारले जातात. दाबकामाचा सगळा फायदाच हा होता की अनेक तुकडे रिव्हेटने जोडायची गरज कमी झाली. जिथे आडवी पट्टी बाजूला मिळते तिथेच रिव्हेट, बाकी पृष्ठभाग गुळगुळीत. ही संयमाची जागा आहे.

एका डब्याला अशा चार बाजू लागतात, पाच डब्यांना वीस. वीस वेळा तेच कोरण्यात अर्थ नाही. ०.५ मिमीच्या प्लॅस्टिक शीटची एक बाजू जीव ओतून करावी, कडेला ०.२५ ची पट्टी लावून वळलेली कड दाखवावी, आणि सिलिकॉन रबराचा साचा करून रेझिनमध्ये ओतावी. साच्यात हवेचे बुडबुडे राहतात ते नेमके आसपेटीच्या कोपऱ्यात. म्हणून रबर एका टोकाकडून बारीक धारेने, स्वतःहून पसरू देत ओतावं. थ्रीडी प्रिंटरने ही बाजू सुरेख निघते, पण छपाईचं रेझिन ठिसूळ असतं. त्यात आसाचं टोक थेट फिरवू नये, २ मिमीचं भोक पाडून पितळी बेअरिंगची टोपी बसवावी. दोन टोप्यांमध्ये आस साधारण ०.२ मिमी आडवा हलला पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर फिरणार नाही, फार सैल असेल तर बोगी वाकडी चालेल. परीक्षा सोपी: मीटरभर काचेवर रुळाचा तुकडा ठेवून एक टोक २ सेंटीमीटर उचलावं. बोगी हात न लावता सुटली पाहिजे. सुटली नाही तर पुढचं काम थांबवावं.

चौकट आता. २५ फूट म्हणजे ८७.६ मिमी आणि ७ फूट म्हणजे २४.५ मिमी. फरशीला १ मिमीचं शीट, कडेच्या पट्ट्यांना ०.५ चं. वास्तुविशारदांच्या मॉडेलसाठी मिळणारं एचआयपीएस (पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचं) शीट यासाठी चांगलं. सनबोर्ड मात्र इथे वापरू नये, त्याच्या कडा भुसभुशीत असतात आणि नखानेही दबतात. सुरीने तीन हलके फटके मारून शीट मोडावं, एका फटक्यात आरपार कापायला गेलं की कड फुगते. काटकोन गुण्या लावूनच तपासावा. चौकट पिळलेली असेल तर वरचं सगळं अंग तो पीळ उचलतं आणि मग तो काढता येत नाही.

बोगीच्या खुंट्यांमधलं अंतर रेखाचित्रावरून घ्यावं. ते ५८ मिमी धरलं आणि टेबलावरचं वळण २३० मिमी त्रिज्येचं असेल, तर डब्याचा मध्यभाग आतल्या बाजूला १.८ मिमी सरकतो, टोकं बाहेर २.३ मिमी जातात आणि बोगी सुमारे ७ अंशांनी वळते. हे गणित कागदावर करून ठेवलं तर चाक चौकटीच्या कडेला आतून घासणार का, फलाट रुळापासून किती दूर हवा आणि जवळच्या रुळावरची गाडी आपटणार का, हे सगळं आधीच कळतं. चाक घासणार असेल तर कडेची पट्टी आतून ०.२५ पर्यंत पातळ करावी. डबा उंच करणं हा उपाय नव्हे.

बोगी जोडताना दोन्ही स्क्रू सारखे आवळले की डबा डुगडुगतो. एका बोगीचा स्क्रू इतका घट्ट असावा की ती वळेल, पुढेमागे झुकेल, पण बाजूला डोलणार नाही. दुसरीचा थोडा सैल, म्हणजे ती सगळीकडे हलेल. डबा मग तिपाईसारखा तीन ठिकाणी टेकतो आणि उंचसखल रुळावरही आठही चाकं खाली राहतात. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मे अपघात थांबतात.

अंगाची जोडणी पातळ द्रावणाने करावी. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणारे जे वापरतात तेच चालतं, खिडकी उघडी ठेवून आणि बाटलीचं झाकण लावून. सांधा आधी जुळवून धरायचा आणि ब्रशचं टोक कडेला टेकवायचं, द्रावण आपोआप फटीत शिरतं. फेविक्विकची वाफ शीटवर पांढरी बुरशी धरते आणि तिचा सांधा एका आपटीत सुटतो. ती पितळ-प्लॅस्टिक जोडायलाच ठेवावी.

दोन शीट एकावर एक चिकटवली की आत द्रावण कोंडतं, आणि महिन्याभराने बाजू केळीच्या पानासारखी नव्हे तरी निश्चित वाकते. आतल्या थराला दर १० मिमीला १ मिमीचं भोक पाडून ठेवलं, जोडणी काचेवर दाबून रात्रभर ठेवली, तर हे होत नाही. बंद वाघिणीच्या फरशीलाही भोक हवंच. छप्पर लावून पेटी बंद केली की वाफेला वाट राहत नाही आणि भिंती आतून मऊ पडतात. छपराचा बाक आणायला ०.५ चं शीट हवा त्यापेक्षा थोड्या बारीक नळीवर कापडी पट्टीने गुंडाळावं, उकळत्या नव्हे पण चांगल्या कढत पाण्यात पाचेक मिनिटं ठेवावं आणि लगेच गार पाण्यात टाकावं. सोडल्यावर ते थोडं उलगडतं, म्हणूनच नळी बारीक.

रिव्हेटसाठी ०.२५ चं शीट पाठीमागून बोथट सुईने टोचावं. दोन ठिपक्यांत १ मिमी म्हणजे मूळ गाडीवर साडेतीन इंचांच्या आसपास होतात. ओळ सरळ येण्यासाठी पोलादी पट्टीला टेकून आणि खाली आलेखाचा कागद ठेवून टोचावं. एक ठिपका चुकला तर अख्खी ओळ डोळ्याला खुपते. ती पट्टी टाकून नवी घ्यावी, लांबी फक्त ८८ मिमी आहे.

वजन हा या सगळ्याचा कणा. कलण्याचं गणित पाहा. ९ मिमीच्या रुळावर मध्यापासून चाक साडेचार मिमीवर. गुरुत्वमध्य रुळापासून १५ मिमी उंच असेल तर डबा १७ अंशांनी झुकला की पडतो. तोच मध्य ८ मिमीवर आणला तर २९ अंशांपर्यंत टिकतो. म्हणून शिसं किंवा पोलादी पट्टी फरशीच्या खाली, चौकटीच्या पोटात, बोग्यांच्या मधल्या जागेत बसवावी. डब्याच्या आत वर कुठे वजन चिकटवणं म्हणजे वजनच न घालण्यापेक्षा वाईट. शिशाचे छर्रे पांढऱ्या फेविकॉलने कधीही चिकटवू नयेत. शिसं हळूहळू गंजतं, पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी डबा आतून फाटतो. दोन भागांचा इपॉक्सी वापरावा, आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

किती वजन? अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेल करणाऱ्यांच्या एनएमआरए संस्थेची एन गेजसाठीची शिफारस अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस अशी आहे. आपल्या साडेतीन इंची डब्याला ती २९ ग्रॅम येते. ३० ग्रॅम धरावेत आणि मग कॅलथ्रॉपांचा नियम लावावा: सगळ्यांना सारखं. आकड्यापेक्षा हे सारखेपण महत्त्वाचं आहे. वळणावर इंजिन ओढतं तेव्हा गाडीची साखळी सरळ होऊ पाहते आणि मधल्या डब्यांना आत खेचते. इंजिनामागे १५ ग्रॅमची उघडी वाघीण आणि तिच्यामागे ४० ग्रॅमचे आठ डबे असतील, तर ती वाघीण आत पडणार, तिची चाकं कितीही चांगली असोत. उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा नसते. तिथे फरशीच १ मिमीच्या पितळी पत्र्याची करावी किंवा कापसाच्या गासड्या, ज्वारीची पोती असा माल भरून त्याखाली शिसं ठेवावं. बार्शी आणि लातूरच्या पेठांचा मालही तोच होता. कपलिंग मध्यभागी आणि शक्य तितकं खाली, सगळ्या गाडीत एकाच उंचीवर.

इंजिन हा वेगळाच मोठा विषय, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मूळ इंजिनात मागची चार चाकं रुळाचा भार वाटून घेत. मॉडेलच्या रुळाला भाराची भीती नाही, त्यामुळे इथे कॅलथ्रॉपांना सोडावं लागतं. सगळं वजन जोडचाकांवर हवं आणि मागच्या बोगीवर स्प्रिंगने फक्त तिला रुळावर ठेवण्यापुरतं. इंजिन जोडचाकांच्या मध्याखाली पट्टी धरून तोललं तर ते समतोल राहिलं पाहिजे. मागे झुकत असेल तर कोळशाची पेटी हलकी करावी, पुढच्या धूरपेटीत शिसं भरावं.

एन गेजचं तयार यंत्र घ्यायचं तर अंग त्याच्यावर बेतावं, यंत्र अंगात कोंबू नये. मोटरची रुंदी आणि उंची मोजून पुठ्ठ्याचं खोकं करावं, ते बॉयलर आणि टाक्यांच्या आत बसतं का पाहावं. आणि वेग. ताशी २५ किलोमीटर म्हणजे १:८७ ला सेकंदाला ८ सेंटीमीटर, एक मीटर जायला साडेबारा सेकंद. साधं एन गेजचं यंत्र पूर्ण १२ व्होल्टवर याच्या कितीतरी पट पळतं. व्होल्ट कमी केले तर ते अडखळतं. गिअर जोडलेली छोटी कोअरलेस (फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेली) मोटर हा खरा उपाय, त्यानंतर पल्सने वीज देणारा कंट्रोलर. वीज उचलायला ०.३ मिमीची फॉस्फर ब्राँझची तार जितक्या चाकांना लावता येईल तितक्यांना, चाकाच्या पाठीवर हलकी टेकेल अशी. जोरात दाबली की तीच ब्रेक होते.

मापं मिळवण्यासाठी फोटो घेताना डब्याच्या बरोबर समोर, जितकं दूर जाता येईल तितकं जाऊन, झूम करून घ्यावा आणि शेजारी फूटपट्टीचे रंगीत पट्टे असलेली काठी उभी करावी. जवळून घेतलेल्या फोटोत टोकं लहान होतात. माथेरानच्या डब्यांची मोठी कामं आजही कुर्डुवाडीच्या कारखान्यात होतात, पण अशा ठिकाणी आधी लेखी परवानगी घ्यावी. बार्शी लाईटच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंग ठरवू नये. त्या काळच्या फोटोत तांबडा काळा दिसतो आणि निळा फिका.

रंगाआधी डबा चालवून घ्यावा. इंजिनापुढे लावून, उलट ढकलत, सांध्यांमधून आणि लगेच उलट वळणातून. ओढताना लपलेले दोष ढकलताना बाहेर येतात. मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, बोग्या काढून, पातळ प्रायमर. मोटारीच्या प्रायमरचं थिनर काही शीटना चावतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर फवारून रात्रभर पाहावं. आस आणि बेअरिंगच्या टोप्यांमध्ये रंग जाऊ नये म्हणून टोप्यांत काडीची टोकं खोचून ठेवावीत. चौकटीचा खालचा भाग सोलापूरकडच्या फिकट धुळीने, कोरड्या पावडर रंगाने माखावा. वरून मॅट लॅकर मारलं की ती धूळ निम्मी नाहीशी होते, म्हणून सुरुवातीलाच हवी त्यापेक्षा थोडी जास्त लावावी.